चुकीनंतरची जागा : मॅथाइस डी लिख्टच्या कारकिर्दीची पहिली चार वर्षे

प्रस्तुत प्रकरण मॅथाइस डी लिख्ट या डच बचावपटूच्या कारकिर्दीच्या आरंभकाळाचे आहे. सप्टेंबर 2016 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबच्या मुख्य संघातून त्याने पदार्पण केले, तेथपासून इटलीतील तूरिनच्या युव्हेंटस क्लबमधील पहिल्या हंगामाच्या अखेरीपर्यंतचा, म्हणजे सुमारे चार वर्षांचा काळ येथे विचारात घेतला आहे. या काळात तो सतराव्या वर्षी युरोपा लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळला, अठराव्या वर्षी आयाक्सचा कर्णधार झाला आणि एकोणिसाव्या वर्षी साडेसात कोटी युरोंना इटलीत गेला. हा आलेख फुटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे, आणि त्याचे श्रेय असामान्य गुणवत्तेला देऊन पुढे जाण्याचा प्रघात आहे. गुणवत्तेबद्दल वाद नाही. परंतु या चार वर्षांत त्याच्या हातून सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि संघाला महागात पडणाऱ्या चुकाही झाल्या, आणि प्रत्येक चुकीनंतर संघातील त्याच्या जागेचे काय झाले, हा प्रश्न मला त्याच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तरुण बचावपटू घडतो किंवा बिघडतो तो बहुधा त्या टप्प्यावर.

त्याचे कारण या स्थानाच्या स्वरूपातच आहे. आघाडीपटूने तीन सोप्या संधी दवडल्या आणि चौथीवर गोल केला, तर दुसऱ्या दिवशी फक्त चौथी आठवते. सेंटर बॅकचे, म्हणजे मधल्या बचावात उभ्या राहणाऱ्या खेळाडूचे, गणित याच्या नेमके उलट असते. नव्वद मिनिटांत त्याने पन्नास वेळा योग्य निर्णय घेतला आणि एकदा चेंडूच्या उसळीचा अंदाज चुकला, तर गुणफलकावर नोंद होते ती त्या एकाच क्षणाची. म्हणूनच बहुतेक प्रशिक्षक विंगर म्हणून, म्हणजे कडेने आक्रमण करायला, अठरा वर्षांच्या मुलाला सहज उतरवतात, पण मधल्या बचावात तिशीकडे झुकलेला खेळाडू पसंत करतात.

आबकाउडेचा मुलगा

डी लिख्टचा जन्म 12 ऑगस्ट 1999 रोजी लाइडरडॉर्प येथे झाला. तो वाढला मात्र अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेला असलेल्या आबकाउडे या लहानशा गावात. गावच्या क्लबातून 2009 मध्ये तो आयाक्सच्या अकादमीत दाखल झाला. त्याला घेताना क्लब काहीसा साशंक होता, कारण मुलगा अंगाने जड होता आणि धावण्यात मंद वाटत होता. आयाक्समध्ये मुले निवडताना तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग असे चार निकष वर्षानुवर्षे लावले जातात. त्यांपैकी चौथ्यात कमी पडणारा हा मुलगा दुसऱ्या आणि तिसऱ्यावर तरला, असे त्याचा पुढचा खेळ पाहता म्हणता येते. प्रारंभी तो मधल्या फळीत खेळत असे आणि नंतर त्याला मागे आणण्यात आले. याचा लाभ पुढे स्पष्ट दिसला: चेंडू पायाशी आला की तो घाबरून लांब टोलवण्याऐवजी मान वर करून मधल्या फळीतील मोकळा सहकारी शोधत असे, आणि प्रतिस्पर्ध्याचा पास निघण्याआधीच त्याची दिशा त्याला उमगलेली असे.

आयाक्सचा राखीव संघ 2013 पासून नेदरलँड्सच्या दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. या व्यवस्थेचे मोल मोठे आहे. समवयस्कांच्या सामन्यात धिप्पाड मुलाला अंगबळावर निभावून नेता येते, पण दुसऱ्या श्रेणीत त्याच्यासमोर घरसंसार असलेले आणि फुटबॉलवर पोट असलेले अनुभवी आघाडीपटू उभे राहतात, जे कोपर कधी लावायचे आणि पंच कोठे पाहत आहे हे जाणून असतात. डी लिख्टने या लीगमधील पहिला सामना 8 ऑगस्ट 2016 रोजी एफसी एमेनविरुद्ध खेळला, म्हणजे सतरावा वाढदिवस अद्याप चार दिवसांवर होता. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 21 सप्टेंबरला, आयाक्सचे प्रशिक्षक पीटर बॉस यांनी त्याला डच चषकाच्या विलेम ट्वे या क्लबविरुद्धच्या सामन्यात मुख्य संघातून उतरवले. आयाक्सने तो सामना 5-0 असा जिंकला आणि त्यात एक गोल डी लिख्टचा होता, कॉर्नरवरून. आयाक्ससाठी त्याच्याहून कमी वयात गोल केलेला खेळाडू तोवर एकच होता, क्लॅरेन्स सीडॉर्फ.

कॉर्नरवरील ही उडी नुसती नोंद करून सोडून देण्यासारखी नाही. पुढे तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

सोफिया, मार्च 2017

नेदरलँड्सचा राष्ट्रीय संघ त्या काळी बिकट अवस्थेत होता. 2014 च्या विश्वचषकात तिसरा आलेला हा संघ 2016 च्या युरो स्पर्धेला पात्रही ठरला नव्हता, आणि 2018 च्या विश्वचषकासाठीच्या गटात फ्रान्स आणि स्वीडनशी त्याची चुरस होती. 25 मार्च 2017 रोजी सोफियात बल्गेरियाशी सामना होता. बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक दुखापतीमुळे उपलब्ध नव्हता. अशा वेळी प्रशिक्षक डॅनी ब्लिंड यांनी मधल्या बचावात डी लिख्टला सुरुवातीपासून खेळवले. त्याचे वय होते 17 वर्षे 225 दिवस. 1931 नंतर इतक्या लहान वयाचा खेळाडू नेदरलँड्सकडून उतरला नव्हता, आणि आयाक्ससाठीही लीगमध्ये तोवर तो अगदी मोजकेच सामने खेळला होता.

सामन्याच्या पाचव्याच मिनिटाला बल्गेरियाच्या बचावातून एक लांब चेंडू उंचावरून आला. डी लिख्टला त्याचा अंदाज आला नाही, चेंडू त्याच्या मागे पडला आणि स्पास डेलेव्हने एकट्याने पुढे जाऊन गोल केला. हा प्रसंग पुन्हा पाहताना ध्यानात येते ते असे की चूक पायांची नव्हती. तो चेंडूकडे वेळेत वळला होता, पण चेंडू आपल्यापर्यंत पोहोचेल की डोक्यावरून जाईल, हे ठरवायला लागणारा अर्धा क्षण त्याच्याकडे उरला नाही. अनुभवी बचावपटू अशा वेळी शंका आली की दोन पावले आधीच मागे सरतो. ही सवय सामने खेळूनच लागते, आणि तेवढे सामने त्याच्या खात्यावर नव्हतेच. विसाव्या मिनिटाला डेलेव्हनेच दुसरा गोल केला आणि त्याही वेळी बचावाच्या मधोमध गोंधळ होता. मध्यंतराला डी लिख्टला बाहेर काढून वेस्ली हूट याला आत पाठवण्यात आले. सामना 2-0 असा गमावला. दुसऱ्याच दिवशी डच फुटबॉल संघटनेने ब्लिंड यांना पदावरून दूर केले.

या पराभवाची खरी किंमत सहा महिन्यांहून अधिक काळानंतर कळली. गटात स्वीडन आणि नेदरलँड्स यांचे समान, म्हणजे 19 गुण झाले आणि गोलफरकावर स्वीडन दुसरा आला. बाकी सारे निकाल तेच राहून सोफियात नुसती बरोबरी साधली असती, तरी नेदरलँड्सला प्ले-ऑफ, म्हणजे पात्रतेची अखेरची लढत, मिळाली असती.

येथे दोष कोणाकडे जातो, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. डी लिख्टची निवड ही त्या क्षणी केलेली निवडीची चूक होती, आणि तिचा भार सतरा वर्षांच्या मुलावर टाकणे अन्यायाचे होते. तरुण बचावपटूला उतरवताना सामान्यतः शेजारी भरवशाचा जोडीदार, ओळखीची बचावरचना आणि हरलो तरी आकाश कोसळणार नाही असा सामना, या तीन गोष्टींपैकी निदान दोन तरी हाताशी असाव्या लागतात. सोफियात त्यांपैकी एकही नव्हती. तो अडखळला यात नवल नाही. त्यानंतर क्लबने काय केले, हे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे.

क्लबने दाखवलेला विश्वास

आयाक्सने त्याला राखीव संघात परत पाठवले नाही. त्या वसंतात युरोपा लीगच्या बाद फेरीचे सामने एकामागून एक येत होते. उपांत्य फेरीत आयाक्सने ल्योंला पहिल्या लढतीत 4-1 असे हरवले आणि परतीच्या लढतीत 1-3 असा मार खाऊनही अंतिम फेरी गाठली, आणि या लढतींत डी लिख्ट कोलंबियाच्या डाव्हिन्सन सांचेझच्या जोडीने मधल्या बचावात उभा होता. 24 मे 2017 रोजी स्टॉकहोममध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या अंतिम सामन्यातही सुरुवातीच्या अकरांत त्याचे नाव होते. सोफियाला तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. 17 वर्षे 285 दिवस वयाचा तो युरोपातील प्रमुख क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळणारा सर्वांत लहान खेळाडू ठरला. सामना आयाक्सने 0-2 असा गमावला, पण पराभवाची चर्चा त्याच्याभोवती फिरली नाही.

बॉस यांच्या पद्धतीत बचावफळी मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभी असे आणि चेंडू गमावताच पाच-सहा जण लगेच तो परत मिळवायला झेपावत. या पद्धतीत बचावपटूच्या पाठीमागे मोठी मोकळी जागा राहते, म्हणजे सोफियात ज्या प्रकारच्या चेंडूने त्याला चकवले, तसे चेंडू येण्याची शक्यता येथे अधिकच होती. तरीही त्याला येथे निभावता आले, याचे कारण मला असे दिसते की समोरचा दबाव ठरलेल्या रीतीने येत होता, शेजारी सांचेझसारखा वेगवान जोडीदार होता आणि हीच रचना त्याने अकादमीत वर्षानुवर्षे गिरवलेली होती. खेळाडू तोच होता. त्याच्या आजूबाजूची माणसे आणि शिस्त बदलली होती.

अर्थात याला निव्वळ औदार्य म्हणणे भोळेपणाचे ठरेल. आयाक्सचा संसारच असा आहे की दर उन्हाळ्यात चांगले खेळाडू इंग्लंड, स्पेन, इटलीला विकावे लागतात आणि त्यांची जागा अकादमीतून भरावी लागते. ऑगस्ट 2017 मध्ये सांचेझ टॉटनहॅमला गेला, आणि मग डी लिख्टला बसवून ठेवणे क्लबला परवडणारेही नव्हते. विश्वास आणि गरज या दोन्ही गोष्टी येथे एकाच दिशेने ओढत होत्या. मोठ्या क्लबांत अनेक गुणी मुले वाया जातात, ती विश्वासाअभावी नव्हे; तेथे गरज नसते, एवढेच.

2017-18 चा हंगाम आयाक्ससाठी दुःखाचा होता. जुलैमध्ये ऑस्ट्रियातील एका मैत्रीपूर्ण सामन्यात, संघातील लाडका तरुण मध्यरक्षक अब्देलहाक नूरी हृदयक्रिया बिघडून मैदानावर कोसळला आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. अकादमीपासून त्याच्यासोबत खेळलेल्या मुलांनी त्यानंतर हंगाम कसा खेळून काढला असेल, याची कल्पना करणे कठीण आहे. आयाक्स चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग या दोन्ही स्पर्धांच्या पात्रता टप्प्यांतच बाद झाला, डिसेंबरमध्ये प्रशिक्षक मार्सेल कायझर यांना दूर करण्यात आले आणि उट्रेख्टहून एरिक टेन हाग आले. एप्रिलमध्ये पीएसव्ही या प्रतिस्पर्धी क्लबने आयाक्सलाच 3-0 असे हरवून विजेतेपद निश्चित केले. या पडझडीत डी लिख्ट मात्र जवळजवळ प्रत्येक आठवड्याला खेळत राहिला, आणि मार्च 2018 मध्ये योएल व्हेल्टमनकडील कर्णधाराची पट्टी त्याच्या दंडावर आली. आयाक्सच्या इतिहासात तोवर त्याच्याहून लहान कर्णधार झालेला नव्हता.

2019 चा वसंत

जुलै 2018 मध्ये मँचेस्टर युनायटेडहून डेली ब्लिंड परतला. सोफियातील पराभवानंतर पायउतार व्हावे लागलेल्या डॅनी ब्लिंड यांचा हा मुलगा, आणि आता तो डी लिख्टच्या डाव्या बाजूला उभा राहणार होता. ही जोडी जमली. ब्लिंड उंचीने आणि वेगाने सामान्य, पण त्याचा डावा पाय आणि जागेचे भान अव्वल दर्जाचे होते. हवेतील चेंडू आणि अंगावर येणारा आघाडीपटू हा डी लिख्टचा प्रांत, तर आक्रमणाची पहिली दिशा ठरवणे हे ब्लिंडचे आणि त्यांच्यासमोर खेळणाऱ्या फ्रेंकी डी याँगचे काम. डिसेंबर 2018 मध्ये तूरिनच्या तुत्तोस्पोर्त या दैनिकाकडून दिला जाणारा गोल्डन बॉय पुरस्कार डी लिख्टला मिळाला, आणि तो मिळवणारा तो पहिलाच बचावपटू ठरला.

मात्र या हंगामाचे वर्णन करताना जानेवारी वगळला जातो, आणि मला तोच महिना बोलका वाटतो. 20 जानेवारी 2019 रोजी हेरेनव्हेनने आयाक्सला त्याच्याच मैदानावर 4-4 असे रोखले, आणि आठवडाभरात रॉटरडॅममध्ये फेयेनूर्डने 6-2 असा धुव्वा उडवला. फेयेनूर्डकडून सहा गोल खाणे ही आयाक्सच्या चाहत्यांसाठी वर्षानुवर्षे सलणारी गोष्ट असते. दोन सामन्यांत दहा गोल खाल्लेल्या बचावाच्या केंद्रस्थानी एकोणीस वर्षांचा कर्णधार होता, आणि चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत समोर रेआल माद्रिद येत होते. प्रशिक्षकाने पट्टी ज्येष्ठ खेळाडूकडे दिली असती किंवा बचावफळी मागे ओढली असती, तरी कोणी नाव ठेवले नसते. टेन हाग यांनी दोन्हीपैकी काही केले नाही. 13 फेब्रुवारीच्या पहिल्या लढतीत आयाक्स घरच्या मैदानावर 1-2 असा हरला, आणि 5 मार्चला माद्रिदमध्ये 4-1 असा जिंकून सलग तीन वर्षे विजेता असलेल्या संघाला त्याने स्पर्धेबाहेर काढले.

उपांत्यपूर्व फेरीत युव्हेंटसशी अ‍ॅमस्टरडॅममध्ये 1-1 अशी बरोबरी झाली. 16 एप्रिल रोजी तूरिनमध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोने 28 व्या मिनिटाला हेडरवर आघाडी मिळवून दिली आणि सहा मिनिटांनी डॉनी व्हॅन डे बेकने बरोबरी साधली. 67 व्या मिनिटाला लासे शोनेने कॉर्नर घेतला. डी लिख्ट गोलपासून दूर उभा राहून धावत आला, आणि दानिएले रुगानी व आलेक्स सांद्रो या दोघांच्या मध्ये उडी घेऊन त्याने चेंडू कपाळावर घेतला. दोघेही त्याला अडवायला जागेवर होते, मात्र ते उभ्या जागेवरून उडाले आणि तो धावेच्या जोरावर उडाला, म्हणून खांद्याखांद्याची टक्कर होऊनही त्याचे डोके वर राहिले. चेंडू जाळ्यात गेला आणि युव्हेंटस स्पर्धेबाहेर. विलेम ट्वेविरुद्धच्या पहिल्या गोलात जी उडी दिसली होती ती हीच. प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर जे त्याला आक्रमणात साधते, ते स्वतःच्या गोलसमोर चेंडू परतवताना प्रत्येक सामन्यात दहा वेळा कामी येते. फरक इतकाच की त्या दहा वेळांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी कोणी छापत नाही.

उपांत्य फेरीत टॉटनहॅमला लंडनमध्ये 1-0 असे हरवून आयाक्स परतला. डच लीगने या लढतींसाठी आयाक्सला विश्रांती मिळावी म्हणून लीगची एक संपूर्ण फेरी पुढे ढकलली होती. मधल्या काळात विलेम ट्वेला 4-0 असे हरवून आयाक्सने डच चषकही जिंकला. 8 मे रोजी घरच्या मैदानावर पाचव्याच मिनिटाला शोनेच्या कॉर्नरवर डी लिख्टने पुन्हा हेडरने गोल केला, 35 व्या मिनिटाला हकीम झियेशने दुसरा केला, आणि एकूण फरक तीन गोलांचा झाला. उत्तरार्धात टॉटनहॅमने उंचापुरा फर्नांडो योरेंते आणून चेंडू थेट त्याच्या दिशेने लांबून मारायला सुरुवात केली. आयाक्सची बचावफळी अशा खेळासाठी बांधलेली नव्हती. लुकास मोराने 55 आणि 59 व्या मिनिटाला, आणि मग भरपाई वेळेत 96 व्या मिनिटाला गोल केला. एकूण गोल 3-3 झाले आणि एकूण बरोबरीत प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल केलेल्या संघाला पुढे पाठवणाऱ्या तेव्हाच्या नियमाने टॉटनहॅम पुढे गेला. मैदानावर सर्वत्र पांढरे-लाल सदरे आडवे पडले होते आणि कर्णधाराला त्यांना उठवायचे होते. आठवड्याने, 15 मे रोजी, डे ग्राफ्सखापला 4-1 असे हरवून आयाक्सने लीगही जिंकली. 2002 नंतर प्रथमच लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे त्यांच्याकडे आली.

पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय संघासाठी त्याची पुन्हा कसोटी लागली. प्रशिक्षक रोनाल्ड कूमन यांनी 2018 पासून व्हॅन डाइकच्या जोडीला त्याला पक्के केले होते. 6 जून 2019 रोजी पोर्तुगालमधील गिमारायश येथे नेशन्स लीग या राष्ट्रीय संघांच्या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध चेंडू त्याच्या पायाखालून निसटला, तो परत मिळवण्याच्या धडपडीत त्याने मार्कस रॅशफर्डला पाडले, आणि 32 व्या मिनिटाला रॅशफर्डने पेनल्टीवर गोल केला. सोफियाप्रमाणेच ही चूक पूर्वार्धात झाली होती आणि तितकीच उघड होती. मात्र मध्यंतराला त्याला कोणी बाहेर काढले नाही. 73 व्या मिनिटाला मेम्फिस डिपायच्या कॉर्नरवर त्याने हेडरने बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत नेदरलँड्सने सामना 3-1 असा जिंकला. अंतिम सामन्यात पोर्तुगालकडून संघ हरला. या दोन सामन्यांची तुलना या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते: दोन वर्षांत मुलगा मोठा झाला हे खरे, पण त्याला चुकीनंतर मैदानावर राहू देणारा प्रशिक्षक आणि शेजारी सावरून घेणारा व्हॅन डाइक हेही तितकेच खरे.

तूरिनमधील पहिले वर्ष

18 जुलै 2019 रोजी युव्हेंटसने त्याला पाच वर्षांसाठी करारबद्ध केले. किंमत होती साडेसात कोटी युरो, पाच वर्षांत विभागून द्यायची, आणि वर एक कोटी पाच लाख युरोंचे अन्य खर्च. दोन्ही क्लब शेअर बाजारात नोंदलेले असल्यामुळे हे आकडे अधिकृतपणे जाहीर झाले. आयाक्ससाठी 117 सामने आणि 13 गोल, एवढी शिदोरी घेऊन तो गेला.

मूळ योजना त्याला सावकाश रुळवण्याची असावी, कारण मधल्या बचावात जोर्जो किएलिनी आणि लिओनार्दो बोनुची ही जोडी शाबूत होती. परंतु ऑगस्टच्या अखेरीस सरावात किएलिनीच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि दुसऱ्याच दिवशी, 31 ऑगस्टला, नापोलीविरुद्ध डी लिख्टला उतरावे लागले. युव्हेंटस 3-0 असा पुढे होता, तो 3-3 झाला आणि अखेरच्या क्षणी नापोलीच्या स्वयंगोलामुळे जिंकला. टीकेचा मोठा वाटा नव्या बचावपटूच्या पदरी पडला. आयाक्समध्ये तो उजवीकडचा सेंटर बॅक होता, येथे त्याला बोनुचीच्या डावीकडे उभे राहावे लागत होते. आयाक्समध्ये माणसाला भिडत पुढे जायचे, तर युव्हेंटसचे प्रशिक्षक मॉरित्सिओ सार्री यांच्या बचावात आधी चेंडू, जागा आणि सहकाऱ्यांची रेषा पाहायची. उजव्या पायाने खेळणाऱ्या माणसाला डावीकडे शरीर उलट कोनात वळवावे लागते, आणि घाईत हात अंगापासून दूर जातात. त्या वर्षी हँडबॉलचा नियमही अधिक कडक झाला होता. ऑक्टोबरमध्ये इंटरविरुद्ध आणि पुन्हा लेच्चेविरुद्ध त्याच्या हाताला चेंडू लागून पेनल्टी गेली. 2 नोव्हेंबरला तोरिनोविरुद्धच्या शहरी लढतीत त्याने युव्हेंटससाठी पहिला गोल केला आणि सामना 1-0 असा जिंकून दिला, तेव्हा कोठे टीकेचा सूर थोडा उतरला.

आयाक्सपेक्षा वेगळे असे येथे एक घडले, आणि ते लपवून प्रकरण साजरे करण्यात अर्थ नाही. वर्षअखेरीस खांदा दुखावलेल्या डी लिख्टची जागा बचावपटू मेरिह देमिरालने घेतली, आणि जानेवारीत ती देमिरालकडेच राहिली. 12 जानेवारी 2020 रोजी रोमाविरुद्ध गोल केल्यानंतर देमिरालच्याही गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि डी लिख्ट परत आला. म्हणजे तूरिनमध्ये त्याला मिळालेली जागा दोन्ही वेळा दुसऱ्याच्या दुखापतीमुळे मिळाली. साडेसात कोटी मोजलेल्या खेळाडूलाही श्रीमंत क्लबात बसवून ठेवता येते, कारण तेथे पर्याय असतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याच्या चुका पचवल्या गेल्या तशा येथे आपोआप पचणार नव्हत्या, आणि देमिराल तंदुरुस्त राहता तर तो हंगाम कसा संपला असता, हे आजही सांगता येत नाही.

परतल्यानंतर मात्र त्याने जागा सोडली नाही. युरोपभर खेळ थांबवणाऱ्या महासाथीनंतर लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो खांद्याचे दुखणे अंगावर काढत खेळत होता. 26 जुलै 2020 रोजी सांपदोरियाला हरवून युव्हेंटसने विजेतेपद निश्चित केले. लीगमध्ये त्याचे 29 सामने आणि 4 गोल झाले होते. ऑगस्टमध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याच महिन्यात सार्री गेले आणि आंद्रेआ पिर्लो आले. नव्या प्रशिक्षकासमोर तो तीन महिने एकही सामना खेळू शकला नव्हता. 21 नोव्हेंबर रोजी काल्यारीविरुद्ध तो परतला, आणि पिर्लो यांनी त्याला सुरुवातीपासून उतरवले.